चिरंतनाची मुदत

ज्या कचेरीत माझ्या उमेदीची ३१ वर्षे खर्ची पडली, त्या कचेरीत मी प्रथम रुजू झालो तो 'टेंपररी' म्हणून. आणि ज्या शाखेत माझी नेमणूक झाली, ती शाखासुद्धा, काही तुंबलेल्या प्रकरणांचा निकाल लागेपर्यंत सहा महिन्यांच्या बोलीने उघडलेली असल्यामुळे, टेंपररीच होती. दर सहा महिन्यांनी त्या शाखेची मुदत वाढवून मिळण्याविषयी सविनय प्रस्ताव तयार करणे, त्याला जुन्या मंजुरींच्या नकला जोडणे आणि तो वरिष्ठांकडे रवाना करणे, हे यथावकाश त्या शाखेचे इतके प्रमुख काम होऊन बसले की मूळची तुंबलेली प्रकरणे कोणती, हे सांगू शकणारा अखेरचा इसम सेवानिवृत्त होऊन गेला तरी मुदतवाढीच्या शिरस्त्यात तिळमात्र खंड पडला नाही. याच्या उलट, त्याच दालनाच्या कोपऱ्यात, खजिनदाराच्या कुलपाखाली, 'पर्मनंट ॲडव्हान्स' या भारदस्त नावाची एक तसलमात असे. टाचण्या, दोरा, टपालहशील असला किरकोळ खर्च तीतून भागवावा आणि पावत्या पाठवून ती पुन्हा भरून घ्यावी, असा नियम होता. ही चिरस्थायी रक्कम महिन्याच्या १० तारखेपलीकडे जिवंत राहिलेली मी कधी पाहिली नाही.

पुढे खुद्द माझी गणना एका तिसऱ्याच वर्गात झाली. केंद्र सरकारने १९४९ साली आपल्या टेंपररी नोकरांसाठी जे नियम केले, त्यांत तीन वर्षांहून अधिक सलग सेवा झालेल्या आणि लायक ठरलेल्या नोकरास 'क्वासी-पर्मनंट' म्हणून जाहीर करण्याची तरतूद होती. सत् आणि असत् यांच्या मधोमध वेदान्त्यांनी 'अनिर्वचनीय' नावाची जी एक कोटी कल्पिलेली आहे, तिचा साक्षात्कार मला त्या हुकुमाची नक्कल हाती पडली त्या दिवशी झाला. घरी येऊन ती मी वडिलांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली आणि विचारले, "म्हणजे तू कायम झालास, की नाही झालास?"

"जवळजवळ झालो, अप्पा."

"मुलीकडच्या मंडळींना 'जवळजवळ' असे सांगू?" अप्पा म्हणाले, आणि नक्कल घडी घालून पंचांगात ठेवली. पंचांग दर पाडव्याला बदलत असे. नक्कल मात्र कित्येक वर्षे एका पंचांगातून दुसऱ्यात जात राहिली.

तेव्हापासून माझ्या मनाने असे घेतले की, दीर्घकाळ टिकणाऱ्या वस्तूंसाठी इंग्रजी भाषेने जे शब्द पदरी बाळगले आहेत, त्यांची एकदा हजेरी घ्यावी आणि कोणता शब्द प्रत्यक्षात किती दिवस टिकला याचा तपशील लावावा. खतावणीच्या मागच्या कोऱ्या पानांवर मी हे टिपण सुरू केले. ते पुरे झालेले नाही, पण खतावणी संपली.

या शब्दांची कुळकथा मोठी रंजक आहे. पर्मनंट, पर्पेच्युअल आणि पेरेनिअल ही लॅटिन घराण्यातील तीन भावंडे. पहिल्याचा धात्वर्थ 'अखेरपर्यंत थांबून राहणारा', दुसऱ्याचा 'न तुटता पुढे जाणारा' आणि तिसऱ्याचा 'वर्षे ओलांडणारा' असा. इटर्नल हा या सर्वांचा कुलवृद्ध. देवळात आणि दफनभूमीतच त्याचे येणेजाणे अधिक. परंतु त्याच्या पोटात जो मूळ लॅटिन शब्द आहे तो आपल्या 'आयुष्'चा सख्खा नातलग, आणि त्याचा अर्थ तरी काय, तर वय किंवा युग. म्हणजे ज्याला अनंत म्हणून आपण नमस्कार करावा, त्याच्याही जन्मपत्रिकेत आयुर्मर्यादेचे घर आहेच. इमॉर्टल हा आपल्या अमर्त्याचा चुलतभाऊ असल्यामुळे त्याच्याविषयी घरच्या घरी काही वावगे बोलण्याचे मी टाळतो.

'एव्हरलास्टिंग' हा मात्र अस्सल गावरान इंग्रजी शब्द, आणि त्याचे नशीबही गावरानच निघाले. कित्येक शतकांपूर्वी तिकडे एक जाडेभरडे, चिवट लोकरी कापड या नावाने विकले जाई. कर्जदारांना पकडून नेणाऱ्या शिपायांच्या अंगावर ते असे, आणि शेक्सपिअरने आपल्या एका प्रहसनात त्यावर कोटीही करून घेतली आहे. अशाच दुसऱ्या एका टिकाऊ कापडाला 'ड्युरन्स' म्हणत. आणि ड्युरन्स या शब्दाचा दुसरा अर्थ बंदिवास असा असल्यामुळे, ऋणको आत जाताना आणि शिपाई बाहेर उभा राहताना दोघेही एकाच शब्दात गुंडाळलेले असत. आज ही दोन्ही कापडे कोणाच्या अंगावर दिसत नाहीत.

या कापडाच्या नावात जो 'लास्ट' आहे, त्याने मला जितके सतावले तितके कोणत्याही लेखापरीक्षकाने सतावले नाही. इंग्रजीत 'लास्ट' म्हणजे टिकणे, आणि 'लास्ट' म्हणजे शेवटचा! जे टिकते तेच संपते, असा अद्वैतसिद्धान्त एका अक्षराचाही फरक न करता सांगणारी ही भाषा व्यापाऱ्यांची आहे हे कोणाला खरे वाटेल? कोशात पाहिले तर हे दोन शब्द मुळात निराळे. शेवटचा या अर्थाचा शब्द 'लेट'चे, म्हणजे उशिराचे, तमवाचक रूप. जो सर्वांत उशिरा येतो तो शेवटचा, हे कचेरीतल्या हजेरीपटाच्या अनुभवाशीही जुळते. टिकणे या अर्थाचा शब्द मात्र पावलाच्या ठशापासून आला. ठसा धरून मागोमाग चालत राहणे, म्हणून पुरे करणे, म्हणून टिकणे. ज्या लाकडी पावलावर चढवून जोडा शिवतात, त्या साच्यालाही ते 'लास्ट'च म्हणतात, आणि तोही याच ठशाचा वंशज. जोडा झिजतो, साचा राहतो. आणि साचा खुंटीला टांगून चांभार पुढचा जोडा हाती घेतो. या व्युत्पत्तीकडे मला पुढे पुन्हा यावे लागणार आहे.

आता राज्यकर्त्यांनी हे शब्द कसे वापरले ते पाहावे. १५०२ साली इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या राजांनी एक तह केला आणि त्याला 'पर्पेच्युअल पीस', म्हणजे अखंड शांतता, असे नाव दिले. तो पक्का व्हावा म्हणून इंग्लंडच्या राजाने पुढच्याच वर्षी आपली मुलगी स्कॉटलंडच्या राजाला दिली. ही अखंडता ११ वर्षे टिकली. १५१३ साली जावई चौथा जेम्स फौज घेऊन इंग्लंडात उतरला आणि फ्लॉडनच्या लढाईत कामी आला. आपल्याकडे सोयरीक मोडते तेव्हा मानपानावरून मोडते. तेव्हा या प्रकरणाला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला फारसा पोहोचत नाही.

परंतु या शब्दांची खरी जरब इंग्रजांनी दाखविली ती आपल्या देशात. १७९३ साली लॉर्ड कॉर्नवॉलिसने बंगालच्या जमीनदारांशी 'पर्मनंट सेटलमेंट' केली, आणि आमच्या इतिहासाच्या पुस्तकांनी तिचे 'कायमधारा' असे नाव शाळेतल्या मुलांच्या माथी मारले. सरकारसारा किती, तो आकडा सदासर्वकाळासाठी ठरला. पण या सदासर्वकाळाला एक बारीक पोटकलम होते: ठरलेल्या दिवशी सूर्य मावळण्यापूर्वी साऱ्याची रक्कम खजिन्यात जमा झाली नाही, तर जमीनदारी लिलावात निघावी. लोक त्याला सूर्यास्ताचा कायदाच म्हणत. म्हणजे जी गोष्ट अनंतकाळासाठी दिली, तिचा दम संध्याकाळी सहाच्या सुमारास तपासला जाई. कित्येक जुनी घराणी या एका संध्याकाळीत बुडाली आणि त्यांची चिरंतनता कलकत्त्याच्या सावकारांनी बोलीत विकत घेतली. हा कायमधारा त्याला जन्म देणाऱ्या कंपनीच्या पश्चातही मात्र पुष्कळ वर्षे जगला. स्वराज्य आल्यावर १९५० च्या सुमारास एकामागून एक कायदे होऊन जमीनदारी गेली, तेव्हा त्याचे वय दीडशेच्या वर होते. इतर अनंतांच्या मानाने हे आयुष्य पुष्कळच म्हणायचे.

इकडे मुंबई इलाख्यात वेगळाच खेळ चालला होता. आपल्या पूर्वजांचा नुसत्या विशेषणावर विश्वास नसे. जमीन दान दिली तर ती 'कायम' दिली असे न म्हणता ते 'आचंद्रार्क', म्हणजे चंद्रसूर्य असेतोवर, दिली असे म्हणत, आणि शिलालेखाच्या माथ्यावर चंद्र आणि सूर्य कोरून ठेवीत. पण कोकणातले शिलाहार राजे त्याहून व्यवहारी होते. त्यांनी त्याच दगडावर खाली एक गाढव कोरून, जो कोणी हे दान मोडील त्याच्या आईविषयी असा काही शापमजकूर घातला की तो येथे लिहिता येत नाही. कोकणात हे दगड अद्याप सापडतात. लोक त्यांना गधेगाळ म्हणतात. वर खगोलशास्त्र आणि खाली गाढव, अशी दुहेरी हमी असलेला दस्तऐवज इंग्रजी कायद्याला कधी साधलेला नाही.

पण १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनाम कमिशनच्या हाती पक्के अधिकार आले आणि या चंद्रसूर्यांची उलटतपासणी सुरू झाली. इनामदाराने वंशपरंपरेची वहिवाट सांगावी आणि कमिशनच्या साहेबाने अस्सल सनद मागावी. सनद वाळवीने खाल्लेली असावी, किंवा ती देणाऱ्याला तसा अधिकार होता की नव्हता असा सवाल निघावा. आणि इनाम खालसा व्हावे. चंद्र आणि सूर्य दोघेही त्या वेळी आपापल्या जागी हजर होते, पण त्यांची साक्ष कोणी नोंदविली नाही. तिकडे एकाला कागदावर 'पर्मनंट' लिहून दिले आणि इकडे दुसऱ्याचे 'आचंद्रार्क' कागदावाचून काढून घेतले, असे एकाच सरकारने केले. यावरून मी इतकेच टिपून ठेवले आहे की चिरंतन वस्तूची मूळ प्रत जवळ बाळगावी आणि शक्य तर गाढवही.

वकिलांना चिरंतनाचे भय वाटते, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. माणूस मेल्यावरही आपल्या मिळकतीवर अनंतकाळ हुकमत गाजवील, या धास्तीने इंग्लंडच्या न्यायाधीशांनी १६८२ सालच्या एका ड्यूकच्या कज्जापासून पुढे असा नियम घडविला की, कोणतीही मालमत्ता बांधून ठेवायची तर त्या वेळी हयात असलेल्या एखाद्या व्यक्तीचे आयुष्य आणि त्यावर फार तर २१ वर्षे, इतकीच. बस्स, 'पर्पेच्युइटी' म्हणतात ती येथून पुढे सुरू होते आणि येथून पुढे तिला मज्जाव. मग वकिलांनी काय करावे? 'आजच्या तारखेला हयात असलेल्या अमुक राजाच्या सर्व वंशजांपैकी जो शेवटी मरेल, त्याच्या मृत्यूनंतर २१ वर्षांपर्यंत', असे कलम ते मृत्युपत्रात घालू लागले. राजघराण्यात औषधपाणी उत्तम, पोरेबाळे पुष्कळ आणि कोण कधी वारला याची बातमी वर्तमानपत्रात हमखास येते. तेव्हा एखाद्या किराणा व्यापाऱ्याच्या विश्वस्तनिधीचे आयुष्य पाळण्यातल्या राजपुत्राच्या नाडीला जोडलेले असे. त्या बाळाला शिंक आली की लंडनमधले किती विश्वस्त दचकत असतील! आमच्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही हा नियम थोड्या फरकाने आलेला आहे. भाडेपट्ट्यांना मात्र हे भय नाही. ते खुशाल ९९९ वर्षांचे होतात, आणि मुंबईतही असे पट्टे आहेत. हजारावे वर्ष का वगळतात, याचे जे कारण मला एका जुन्या मुन्शीने सांगितले ते असे, की "एवढे तरी मालकाला नको का?"

कोणाचे आयुष्य मोजायचे, हा प्रश्न माझ्या घरी निराळ्या रूपाने आला. सेवानिवृत्तीनंतर आम्ही 'लाइफटाइम गॅरंटी' असलेला एक न चिकटणारा तवा आणला. चौदाव्या महिन्यात त्याचा लेप धिरड्याबरोबर सुटून येऊ लागला, तेव्हा पावती आणि तवा घेऊन मी दुकानी गेलो. तो गृहस्थ अत्यंत अदबीने म्हणाला, "काका, लाइफटाइम म्हणजे तव्याचं. तुमचं नाही."

"बरे, तव्याचे किती?"

"ते आता संपलं ना."

न्यायाच्या दृष्टीने या उत्तरात मला खोट काढता आली नाही. घरी आल्यावर ती काढण्यात आली, पण ती माझ्यात. पुढे एका मासिकात वाचले की, असल्या लेपांत कार्बन आणि फ्लोरिन यांचा जो बंध असतो तो इतका चिवट असतो की या कुळातील पदार्थ पाण्यात, मातीत आणि माणसाच्या रक्तातही न मोडता, न कुजता राहतात. म्हणून २०१८ पासून त्यांना इंग्रजीत 'फॉरएव्हर केमिकल्स' म्हणू लागले आहेत. तव्याची हमी कोठे पाळली जात आहे ते तेव्हा मला कळले. इंग्रजांच्या या सगळ्या शब्दांपैकी जो खरोखर आपल्या अर्थाला जागला, तो एवढा एकच. आणि तो कोणत्याही जाहिरातीत छापला जाणार नाही.

जाहिरातींचा विषय निघाला म्हणून सांगतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लंडनमध्ये कार्ल नेस्लर नावाच्या जर्मन केशभूषाकाराने बायकांचे सरळ केस तापलेल्या पितळी सळ्यांवर गुंडाळून कुरळे करण्याची युक्ती काढली आणि तिला 'पर्मनंट वेव्ह' असे नाव पडले. लाट खरोखरच कायम राहते. केसच खालून सरळ वाढत येतात, त्याला कारागीर काय करणार? काही महिन्यांनी पुन्हा खुर्चीवर जाऊन बसावे लागते, इतकेच.

हे 'पुन्हा' फार महत्त्वाचे आहे, आणि ते मला रेल्वेने शिकविले. रूळ, स्लीपर आणि खडी मिळून जो मार्ग होतो त्याला रेल्वेच्या परिभाषेत 'पर्मनंट वे' म्हणतात. लोहमार्गाचे काम चालू असताना माती वाहण्यासाठी कंत्राटदार प्रथम हलके, तात्पुरते रूळ टाकीत, ते काढून मग पक्के घालीत. त्या काळापासूनचे हे नाव. माझे एक स्नेही या खात्यात इन्स्पेक्टर होते, आणि हुद्द्यात 'पर्मनंट' शब्द असूनही त्यांची बदली दर तीन वर्षांनी होई. ते मला एकदा रुळांवरून चालवत घेऊन गेले. पुढे एक चाबीवाला हातोडा खांद्यावर टाकून चालला होता. दोन्ही रुळांकडे पाहत जायचे, सैल झालेली चाबी दिसली की ठोकायची, आणि हाच फेरा उद्या पुन्हा. "स्लीपर बदलतो, रूळ बदलतो, खडी बदलते," स्नेही म्हणाले, "पर्मनंट काय ते याचे चालणे."

त्या रात्री मला व्याकरणमहाभाष्याची आठवण झाली. पतंजलीने 'नित्य' शब्दाचे दोन अर्थ फार पूर्वी वेगळे करून ठेवले आहेत: एक, जे हलत नाही, बदलत नाही, पर्वतासारखे उभे असते ते, आणि दुसरा, जे वारंवार होते ते. अमका नित्य हसतो, नित्य बडबडतो, असे आपण म्हणतो, तेव्हा तो झोपेतही हसतो असे कोणी समजत नाही. इंग्रजांनी आपल्या वस्तूंना नावे दिली ती पहिल्या अर्थाने, आणि त्या वस्तू टिकल्या, जेथे टिकल्या तेथे, दुसऱ्या अर्थाने! आमची टेंपररी शाखा सहा-सहा महिन्यांच्या पावलांनी इतकी वर्षे चालली, कारण दर वेळी कोणीतरी मागच्या ठशात पाय ठेवून प्रस्ताव पाठविला. पर्मनंट ॲडव्हान्सचेही तेच. पावत्या गेल्या की तसलमात भरून येई. आणि तो लाकडी साचा तर खुंटीवरून पुढच्या जोड्याची वाटच पाहत होता.

येथे आपल्या भाषेचीही थोडी झडती घेणे न्यायाचे होईल. आपण नदीला 'बारमाही' म्हणतो आणि बारा महिन्यांपलीकडे तिच्या वतीने वचन देत नाही; वडाला फेरे घालणारी गृहिणीसुद्धा सात जन्मांवर थांबते, आठव्याबद्दल मौन पाळते. या बाबतीत आपण पुष्कळ संयमी. परंतु 'बेमुदत' या शब्दाने ही सारी कमाई घालवली. बेमुदत उपोषण तिसऱ्या दिवशी लिंबाच्या सरबताने सुटते, आणि बेमुदत संप पगाराच्या तारखेच्या आसपास मिटतो. मुदत नाही, एवढेच त्या शब्दाने सांगितले होते. लवकर संपणार नाही असे तो कोठे म्हणाला होता?

दर नोव्हेंबरात मला हयातीचा दाखला द्यावा लागतो. माझे निवृत्तिवेतन तहहयात आहे, असे हुकुमात स्पष्ट लिहिलेले आहे. परंतु हयात चालू आहे की नाही याची खातरजमा वर्षाकाठी एकदा झाली पाहिजे, असा शिरस्ता आहे. यंदाही गेलो. माझ्यापुढे पाच हयात माणसे रांगेत होती. खिडकीमागच्या मुलीने माझ्याकडे एकदा आणि फोटोकडे एकदा पाहिले, दोघांत फोटोच अधिक जिवंत दिसत असावा, कारण तिने पुन्हा माझ्याकडे पाहिले. मग शिक्का मारला.

"झालं काका. आता पुढच्या नोव्हेंबरात या."

"येतो," मी म्हणालो, आणि फॉर्म परत घेऊन 'कायमचा पत्ता' या रकान्यापुढे लिहिण्यासाठी खिशातले पेन काढले.

"ते पेन्सिलीनं लिहा," ती म्हणाली, "लोकांचा बदलत असतो."